खिडकी बंद, उद्या या!

विद्यापीठाने 'नोकरदारांसाठी पदवी' असा फ्लेक्स लावायचा आणि प्रवेशाची खिडकी मात्र अकरा ते दोन उघडी! चाकणला फर्स्ट शिफ्ट करणाऱ्याने पुण्यात यायचं कधी? दर वेळी अर्धी रजा. कागद तरी किती! टीसी, मायग्रेशन, वर शिक्षणात खंड का पडला याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. अहो, वडील अंथरुणाला खिळले, घर चालवायचं होतं. हे शपथेवर का सांगायला लावता? चीड येते.

क्रेडिट बँक आली म्हणतात, म्हणजे पास केलेल्या विषयांचे क्रेडिट (श्रेयांक) जमा ठेवून पुढच्या शिक्षणात वापरायचं खातं. पण तिच्यात २०२१-२२ पासूनचेच क्रेडिट जमा होतात. वीस वर्षांपूर्वी एसवाय पास झालेल्याने काय करायचं? पुन्हा एफवायला बसायचं? विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ मध्ये स्पष्ट केलं, मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची. तरी कंपनीत विचारणार, "रेग्युलर आहे का?"

नोकरी करून शिकणारी ही माणसं रात्री बारापर्यंत जागून अभ्यास करतात हो, आणि सकाळी सहाची कंपनीची बस पकडतात. रविवारी दोन तास खिडकी उघडा. परीक्षेचं वेळापत्रक महिनाभर आधी लावा, म्हणजे शिफ्ट तरी बदलून घेता येईल.