साहेब गेले, मालिका राहिली

ताटात वाढलेलं टाकायचं नाही हा आमच्या घरचा नियम, आणि बायकोने तो टीव्हीलाही लावला आहे. सुरू केलेली मालिका शेवटपर्यंत बघायची. मध्येच सोडली तर तिला झोप लागत नाही, आणि तिला लागली नाही की मलाही लागू दिली जात नाही.

दिवाळीत मुलगी पुण्याहून आली, तिने 'द ऑफिस' लावून दिली आणि भाऊबीज उरकून स्वतः निघून गेली. मागे ठेवले २०१ एपिसोड. अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनिया राज्यातलं स्क्रँटन नावाचं गाव, तिथली कागद विकणारी एक कंपनी, तिची एक शाखा, आणि त्या शाखेत माहितीपट काढायला आलेली कॅमेऱ्याची माणसं. एवढंच. २००५ च्या मार्चमध्ये सुरू झालेली ही गोष्ट मे २०१३ मध्ये संपली. आमच्याकडे ती कधी संपणार हे मी बायकोला विचारलं, तर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की जणू मी पंगतीतून मधूनच उठलोय.

माझी अडचण वेगळी होती. मी सांगलीतल्या एका पतसंस्थेत नोकरीला आहे. दिवसभर ऑफिस करायचं, विश्रामबागेत घरी यायचं, जेवायचं, आणि नऊ वाजता पुन्हा ऑफिसात जाऊन बसायचं. तेही बिनपगारी. त्या स्क्रँटनच्या शाखेचा मॅनेजर मायकल स्कॉट उठसूट सगळ्यांना आतल्या खोलीत मीटिंगला बोलावतो आणि सगळे ओळखीचा चेहरा करून बसतात. ओळखीचा म्हणजे माझाच. फरक एवढाच, की आमच्या मीटिंगला निदान चहा आणि खारी असते.

पहिले तीन-चार सीझन मी मनापासून हसलो, हे कबूल करायला हवं. मायकल हा जगातला सर्वांत वाईट साहेब आहे, पण त्याला वाटतं, हाताखालची माणसं म्हणजे आपलं घर. माणसांना मात्र वाटतं, कधी साडेपाच वाजतात. गंमत सगळी या दोन वाटण्यांच्या मधे आहे. आईलाही मालिका आवडली. तिला इंग्रजी येत नाही, पण पावटे सोलता सोलता तिला ती आमच्या दोघांच्या आधी कळायची. तिचा जीव जडला ड्वाइटवर. चष्मेवाला, तिरसट, साहेबाच्या पुढेपुढे करणारा, आणि घरी बिटाची शेती.

"किती एकर आहे?" आईने विचारलं.

"मला काय ठाऊक?"

"शेती आहे, वर नोकरी आहे, निर्व्यसनी दिसतोय. आणि मुलगी मिळेना? म्हणजे तिकडं पण असंच चाललंय म्हणायचं."

आमच्या तासगावच्या पाहुण्यांत द्राक्षबागा असलेली तीन मुलं अजून बिनलग्नाची आहेत. त्यामुळे ड्वाइटचं लग्न हा आईच्या दृष्टीने मालिकेचा मुख्य विषय झाला. कागद खपतो की नाही, शाखा बंद पडते की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

मग हळूहळू मला पुढचं दिसायला लागलं. ड्वाइटच्या शेजारच्या टेबलावरचा जिम त्याची खोडी काढणार. ड्वाइट चिडणार. जिम कॅमेऱ्याकडे बघणार. पहिल्या एपिसोडात त्याने ड्वाइटचा स्टेपलर जेलीत घालून ठेवला होता, तेव्हा मी खुर्चीतून पडायचा राहिलो होतो. पुढे खोडी मोठी मोठी होत गेली आणि हसू लहान लहान. जिम मान वळवायला लागला की त्याच्या आधी मीच टीव्हीकडे तसं बघायचो. बायको म्हणायची, "अहो, गप बसा." मी गप्पच असायचो, पण माझं ते बघणंसुद्धा तिला ऐकू जायचं.

याचं मूळ माझ्या मते जिम आणि रिसेप्शनवरच्या पॅमच्या लग्नात आहे. सहाव्या सीझनमध्ये, २००९ च्या ऑक्टोबरात, नायगाऱ्याला जाऊन त्यांनी लग्न केलं. झकास लग्न झालं. पण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे चोरून बघण्यावर जी मालिका उभी होती, तिथली दोन्ही टेबलं आता एकाच घरात गेली. लेखकांनी मग काय केलं, तर पॅमच्या जागी रिसेप्शनला आलेली एरिन आणि सेल्समधला अँडी यांना तसंच एकमेकांकडे बघायला बसवलं. म्हणजे कालची आमटी आज फोडणी देऊन. आई म्हणाली, "ही दोघं आधी पण होती की." मी म्हटलं, "नाही आई, ही दुसरी." "असू देत," ती म्हणाली, "तेच चाललंय."

आणि अशातच साहेब गेले.

मायकलचं काम करणारे स्टीव्ह कॅरेल यांनी सातव्या सीझनमध्ये मालिका सोडली. त्यांचा शेवटचा एपिसोड अमेरिकेत २८ एप्रिल २०११ ला दाखवला गेला. आमच्याकडे तो एका शुक्रवारी रात्री लागला. त्या एपिसोडात मायकल सगळ्यांना सांगतो, की मी उद्या जाणार, आणि जातो त्याच दिवशी. एकेकाला भेटत, न सांगता निरोप घेत. ड्वाइटला शिफारसपत्र देतो. शेवटी विमानतळावर अंगावरचा माइक काढून कॅमेरावाल्यांच्या हातात देतो आणि चालायला लागतो. मागून पॅम धावत येते, त्याला मिठी मारते, काहीतरी बोलते. माइक नाही, म्हणून आपल्याला काही ऐकू येत नाही.

हे आता कळतंय. तेव्हा आई म्हणाली, "टीव्ही मुका झाला."

बायकोने रिमोट घेतला आणि आवाज वाढवायला सुरुवात केली. पडद्याखाली ती हिरवी पट्टी सरकत सरकत पार टोकाला गेली तरी दोघं नुसतंच बोलल्यासारखं करतायत. म्हणजे पॅम आणि मायकल. इकडच्या दोघी मोठ्याने बोलत होत्या. "सेल गेला असेल." "सेल गेला असता तर पट्टी सरकली असती का?" एवढ्यात पॅमचा आवाज परत आला, तो विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत ऐकू जाईल असा. आई दचकली, मांडीवरची चाळणी कलंडली, पावटे सोफ्याखाली गेले. मी रिमोट शोधतोय तोवर खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन. "काय ओ, सगळं बरं आहे न्हवं?"

"बरं आहे काका. आमचे साहेब गेले."

"अरेरे! कधी?"

पुढची पाच मिनिटं काकांना साहेब जिवंत आहेत आणि लग्न ठरलेल्या बाईकडे कोलोरॅडोला चाललेत, हे समजावण्यात गेली. काका शेवटी म्हणाले, "मग रडताय कशाला?" बायको खरंच रडत होती.

माझं म्हणणं होतं, इथे थांबावं. साहेब गेले, पॅम रडली, आपण रडलो, पावटे गोळा केले, झालं. बायको म्हणाली, "अजून दोन सीझन आहेत. ताटात आहे ते."

आम्ही सांगलीची माणसं. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला इथेच 'सीतास्वयंवर' उभं केलं, तेव्हापासून नाटकातलं आम्हाला कळतं असं आम्ही धरून चालतो. त्या अधिकाराने सांगतो: नट बदलणं ही काही आभाळ कोसळायची गोष्ट नाही. भावे नाट्यमंदिरात किती नाटकं आम्ही बदली नटाची बघितली. मध्यंतरात माणसं कुरकुरतात, "पहिल्याची सर नाही," म्हणतात, आणि तिसऱ्या अंकाला टाळ्या देतात. कारण भूमिका कागदावर जागच्या जागी असते, माणूस फक्त येऊन तिच्यात उभा राहतो. स्क्रँटनमध्ये झालं उलटं. नट गेला तो भूमिका खिशात घालून गेला, आणि मागे राहिली नुसती खुर्ची. मग त्या खुर्चीत कोण बसणार यावर मालिका चालवली. विल फेरेल नावाचे मोठे नट नवे मॅनेजर म्हणून आले आणि चार एपिसोडांत बास्केटबॉलच्या रिंगला लटकून, ती अंगावर पाडून घेऊन गेले. मुलाखतीला पाहुण्यांची रांग लागली, तिच्यात खरेखुरे अब्जाधीश वॉरन बफेसुद्धा होते. आई म्हणाली, "हे आजोबा बरे दिसतात, यांना घ्या." घेतलं नाही.

शेवटी खुर्ची मिळाली अँडीला. नवव्या सीझनमध्ये त्याचं काम करणारे नट एका सिनेमाच्या शूटिंगला गेले, म्हणून अँडी बोट घेऊन समुद्रावर गेला आणि कित्येक एपिसोड आलाच नाही. मॅनेजर जागेवर नाही आणि शाखा चालली आहे, एवढी एक गोष्ट मात्र मला अगदी खरी वाटली.

पण खरा त्रास रिकाम्या खुर्चीचा नव्हताच. आमच्या पतसंस्थेत जुने साहेब होते. कर्जदार जामीनदाराशिवाय आला की म्हणायचे, "जामीन नाही? मग जामून तरी आणायचा." रोज म्हणायचे. आम्ही रोज हसायचो, पगार तिथूनच यायचा. ते निवृत्त झाले, शाल-श्रीफळ झालं, फोटो झाला. आता तोच विनोद कॅशियर सांगतो, वसुलीवाला सांगतो आणि शिपाईमामाही सांगतात. पूर्वी दिवसातून एकदा व्हायचा, आता तीनदा होतो. स्क्रँटनला हेच झालं. मायकलचा येडेपणा सगळ्यांनी थोडा थोडा वाटून घेतला. जो तो विचित्र वागायला लागला. मग विचित्र वागणाऱ्याकडे बघून कपाळाला हात लावायला शहाणं कुणी उरलंच नाही. ते काम माझ्याकडे आलं.

दोन्ही सीझन मी खाली मान घालून संपवले. आमराईत फिरायला जातो म्हणून दोनदा निसटलो, तर परत येईपर्यंत एपिसोड थांबवून ठेवलेला. शेवटच्या एपिसोडात ड्वाइटचं लग्न झालं आणि मायकल पाहुणा म्हणून आला, दोन वाक्यं बोलला. बायको पुन्हा रडली. आईने ड्वाइटला बसल्या जागेवरून अक्षता टाकल्यासारखा हात केला आणि म्हणाली, "जेवायला काय होतं ते दाखवलंच नाही."

मी रिमोट उचलला, टीव्ही बंद केला. वर्तमानपत्र उघडणार, तोच बायको मोबाइलवर काहीतरी वाचत म्हणाली, "अहो, हेच कॅमेरेवाले २०२५ मध्ये दुसऱ्या ऑफिसात गेलेत. 'द पेपर' म्हणून. वर्तमानपत्राचं ऑफिस आहे."

"साहेब आहेत का त्यात?"

"साहेब नाहीत. ऑस्कर आहे."

"तो हिशेब बघायचा तो?" आईने विचारलं. "लाव. मुलगा चांगला आहे."