पाठीवर ऑक्सिजन नसतो हो! मालवणच्या स्कूबाचा फॉरवर्ड

सुट्ट्या जवळ आल्या की मालवणच्या स्कूबाचा, म्हणजे पाठीवर सिलिंडर घेऊन पाण्याखाली मारायच्या बुडीचा, फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, पण सार असं: स्कूबा शंभर टक्के सेफ आहे, पोहता येत नसलं तरी चालतं, पाठीवर ऑक्सिजन असल्यामुळे दमेकऱ्यांनाही त्रास नाही, पाणी बाराही महिने मालदीवसारखं, बिस्किटं न्या म्हणजे मासे हातातून खातील, आणि सकाळी बुडी मारून दुपारच्या विमानाने घरी जाता येतं.

आधी त्यातला घातक मुद्दा घेतो. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, आपण एरवी घेतो तीच हवा दाबून भरलेली असते: सुमारे 21 टक्के ऑक्सिजन, बाकी जवळपास सगळा नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन भरला असता, तर साधारण 6 मीटरच्या खाली तोच विषारी ठरून झटके येऊ शकले असते. म्हणजे दवाखान्यातला सिलिंडर आणि हा सिलिंडर यांचा काही संबंध नाही.

दम्याचं तर उलटंच आहे. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे 10 मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेला श्वास रोखून वर आलात, तर तीच हवा दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुसाला तेवढं ताणता येत नाही. म्हणून स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. दम्यात श्वासनलिका आकसतात आणि माणसाने श्वास रोखला नाही तरी हवा आत अडकून राहू शकते. त्यात सिलिंडरची हवा कोरडी. दमा असेल तर डॉक्टरांच्या तपासणीशिवाय पाण्यात उतरूच नये, आणि फॉर्मवर ‘आजार नाही’ अशी खूण करून तर अजिबात नाही. ‘पाच-सात मीटरच तर जायचंय’ हे उत्तर इथे चालत नाही, कारण प्रमाणाच्या हिशेबात दाबातला सगळ्यात मोठा बदल पृष्ठभागाजवळच्या पाण्यातच होतो.

कानांबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याची बुडी बहुतेक वेळा कानांमुळेच फसते. दोन मीटरच्या आतच दडे बसायला लागतात. मास्कवरून नाक दाबून हलकेच फुंकायचं, दुखायच्या आधीच, आणि दर थोड्या अंतराला. सर्दी असेल तर बेत पुढे ढकला. शिवाय खाली गेल्यावर खुशीत अंगठा वर करू नका, ती ‘मला वर यायचंय’ची खूण आहे. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. एवढं जेट्टीवरच समजून घेतलं नाही, तर गाइड बिचारा तुम्हाला वर आणतो आणि तुम्ही म्हणता, पाच मिनिटांत गुंडाळलं!

पोहण्याचा मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे. पर्यटकांच्या बुडीत गाइड पूर्ण वेळ धरून असतो. (डायव्हरचं प्रमाणपत्र हवं असेल तर मात्र पोहावं आणि तरंगावं लागतं.) पण माझ्या मते मालवणात काळजी करायची ती बोटीची. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक दगावले. तेव्हा उकडतंय, फोटो चांगला येत नाही, काहीही असो, लाइफ जॅकेट जाता-येता अंगावर हवंच. बोटीत माणसं कोंबलेली दिसली तर चढू नका, भरलेले पैसे गेले तरी बेहत्तर.

बारा महिन्यांचं म्हणाल तर, जूनपासून इथला समुद्र खवळलेला असतो आणि स्कूबा बंद असतं. साधारण ऑक्टोबर ते मे हा हंगाम. त्यातही वारा सुटला की पाणी ढवळून गढूळ होतं आणि काही मीटरपलीकडचं दिसत नाही. मालदीवची अपेक्षा घेऊन येणारे हिरमुसतात, त्यात मालवणचा काय दोष?

बिस्किटं घरीच ठेवा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहे, आणि हा भाग 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे. खडकावरचं शेवाळ खाणारे मासे बिस्किटांच्या नादी लागले की शेवाळ प्रवाळावर चढतं. फोटोसाठी प्रवाळावर पाय रोवून उभं राहणं त्याहून वाईट. तो दगड नव्हे, जिवंत वसाहत आहे, आणि पुन्हा वाढायला तिला वर्षं लागतात.

राहिलं दुपारचं विमान. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन वरच्या विरळ हवेत बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो, म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेची शिफारस आहे की एका साध्या बुडीनंतर किमान 12 तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान 18 तास विमानात बसू नये. पाच मीटरवरच्या वीस मिनिटांत धोका फार कमी असतो, हे खरं. तरी बुडी पहिल्या दिवशी उरका, किल्ला आणि बाजार शेवटच्या दिवसाला ठेवा.