काळी काच आणि बाहेर काढलेलं मुंडकं

आज दिवेलागणीला कर्वे रोडवर एका गाडीनं मला जवळजवळ आडवंच केलं. पाऊस भुरभुरत होता, मी स्कूटरवर. समोरचा वळणार की थांबणार, हे आपण ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघून ओळखतो ना? इथं तोंडच नाही. नुसती काळी काच!

लगेच आमचा भाचा आठवला. हौसेनं गाडीच्या काचांना काळी फिल्म चिकटवून आला नि म्हणाला, "मावशी, आतून सगळं स्वच्छ दिसतं गं." दिसतं की, भर दुपारी! बाहेर लख्ख ऊन असतं तोवर काळ्या काचेतूनही भागतं. संध्याकाळी सातला हेच साहेब पार्किंगमधून गाडी मागे घेताना काच खाली करून पावसात मुंडकं बाहेर काढतात. अरे, मग लावलीस कशाला? आतला दिवा चालू राहिला, तर काचेत स्वतःचंच थोबाड दिसतं.

नियम आहे: पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के, बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आत आला पाहिजे. दुकानदार आकडा सांगतो तो नुसत्या फिल्मचा. मूळ काच 70 टक्क्यांची असेल आणि तिच्यावर 50ची फिल्म चढवली, तर उरतात 35. बाजूचा आरसासुद्धा त्याच काचेतून बघायचा. काळ्या रेनकोटातला माणूस दिसणार कसा? (रेनकोटही सगळ्यांना काळेच हवेत, तो वेगळा विषय.)

2012 साली सुप्रीम कोर्टानं फिल्मच बंद केली होती. पुढे नियम बदलला, आणि 2024 मध्ये केरळ हायकोर्टानं ठरलेला उजेड येत असेल तर फिल्म चालेल म्हटलं. बरं, चालू दे. पण मुंडकं बाहेर काढावं लागतंय म्हणजे किती उजेड येतोय ते कळलंच!

ऊन भाजतं, मान्य. पण ऊन अडवायला काच काळीच लागते असं कुठंय? जवळजवळ पारदर्शक, उन्हातली उष्णता (इन्फ्रारेड किरणं) अडवणारी फिल्म मिळते. महाग असते, आणि ती लावून भाव खाता येत नाही.

खरं सांगायचं तर भाच्याची लेक वर्षाची आहे. मागच्या सीटवर तिच्या तोंडावर ऊन येतं, पोर रडून लाल होते. तिथं मला फार बोलवत नाही. मागच्या दारांना ती पारदर्शक लाव बाबा, अर्धे पैसे मी देते. पुढची दोन दारं मात्र मोकळी कर.

रविवारी जातेच आहे त्याच्याकडे, हेअर ड्रायर घेऊन. फिल्म गरम केली की सुटते म्हणे.