आमचा डेटा टाकून दाखवा की!

आमची कंपनी पोर्टफोलिओ आणि त्यांचा हिशेब सांभाळायला नवं सॉफ्टवेअर निवडतेय. आज सातवा डेमो झाला आणि सातव्यांदा तेच. गोल आलेख, हिरवे बाण, एका क्लिकवर उघडणारा पोर्टफोलिओ. त्यात दहा शेअर, चार बाँड आणि थोडी रोकड. सगळ्या किमती वेळेवर आलेल्या, सगळे व्यवहार जुळलेले, लाल रंगाची एकही ओळ नाही. ॲसेट मॅनेजमेंटच्या ऑपरेशन्समध्ये, म्हणजे लोकांचे गुंतवलेले पैसे नोंदवण्या-जुळवण्याच्या कामात, मी चौदा वर्षं काढली आहेत. असा पोर्टफोलिओ एकदाही माझ्या नजरेला पडलेला नाही.

मी विचारलं, हा डेटा कुणाचा? ‘नमुन्याचा आहे, मॅडम.’ मग आमचा टाका. एका फंडाचे तीन महिन्यांचे व्यवहार देते, नावं काढून देते, फाइल आत्ता या पेन ड्राइव्हमध्ये आहे. यावरचं उत्तर मला आता तोंडपाठ झालंय: ‘ते आपण इम्प्लिमेंटेशनच्या टप्प्यात करू.’ म्हणजे करारावर सही झाल्यावर! पुढची दहा वर्षं आम्ही ज्यात अडकणार, ते आमच्या आकड्यांवर चालतं का हे आम्ही पैसे भरल्यावर बघायचं. आणि खोलीतल्या कुणालाच यात काही वावगं वाटत नाही, याचा मला जास्त संताप येतो.

मी काय विचारत होते ते सांगते. एका कंपनीचे १३० शेअर आहेत, खरेदी प्रत्येकी ५०० ला. कंपनीचं डीमर्जर झालं, म्हणजे तिचा एक भाग वेगळी कंपनी झाला. दर चार शेअरमागे नव्या कंपनीचा एक शेअर, आणि मूळ खर्चाचा ३० टक्के भाग नव्या कंपनीकडे. म्हणजे ६५,००० मधले १९,५०० तिकडे जायला हवेत, ४५,५०० इकडे राहायला हवेत. शेअर मिळणार साडेबत्तीस. त्यातल्या शेवटच्या अर्ध्या शेअरचे पैसे रोखीत येणार, तेही काही आठवड्यांनी. हा रोजच्या कामातला प्रकार आहे, यात जगावेगळं काही नाही. तिसऱ्या डेमोत मी हट्टाने हे करून घेतलं. सिस्टिमने नवे शेअर शून्य खर्चाने आत घेतले. जुन्या शेअरची किंमत डीमर्जरनंतर खाली आली, तो सरळ तोटा दाखवला. उद्या नवे शेअर विकले तर विक्रीची अख्खी रक्कम नफा म्हणून दिसणार. अर्ध्या शेअरचं काय, तर ‘मॅन्युअल एंट्री मारता येते’. अहो, मॅन्युअल एंट्री तर मी आजही मारते! त्यासाठीच तर ही जुनी सिस्टिम बदलायची आहे.

परताव्याचा किस्सा याहून वाईट. मी साधं उदाहरण दिलं. महिन्याच्या सुरुवातीला पोर्टफोलिओ १००. पंधरा दिवसांत १० टक्के वाढून ११० झाला. त्या दिवशी ग्राहकाने आणखी ११० घातले, झाले २२०. उरलेल्या पंधरवड्यात १० टक्के घसरण, शेवटी १९८. टाइम-वेटेड पद्धतीने परतावा उणे १ टक्का येतो. मॉडिफाइड डीट्झने काढला तर उणे ७.७ टक्के. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिला फंड मॅनेजरने काय केलं ते सांगतो. दुसऱ्यात ग्राहकाने पैसे कधी घातले त्याचाही परिणाम येतो. मोठी रक्कम महिन्याच्या मधेच आली की दोघांत एवढी दरी पडते. मला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की तुमच्या पडद्यावर जो आकडा एवढ्या मोठ्या अक्षरांत झळकतोय, तो यातला कोणता? समोरच्या चौघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. ‘टीमशी बोलून कळवतो.’ पाच आठवडे झाले, अजून कळवतायत.

हाच आकडा ग्राहकाच्या रिपोर्टवर छापून जातो. त्यावर लोक आपली निवृत्तीची पुंजी इथे ठेवायची की काढायची हे ठरवतात.

बाँडवरच्या व्याजाचं फार सांगत बसत नाही. १५ जानेवारी ते १५ मार्च, लीप वर्ष नसताना, ३०/३६० ने (प्रत्येक महिना ३० दिवसांचा, वर्ष ३६० चं) मोजलं तर ६० दिवस, प्रत्यक्ष मोजले तर ५९. एक कोटी दर्शनी मूल्यावर ८ टक्क्यांनी एका पद्धतीत व्याज १,३३,३३३ आणि ॲक्च्युअल/३६५ ने (प्रत्यक्ष दिवस, वर्ष ३६५ चं) १,२९,३१५. चार हजार अठराचा फरक, एका बाँडवर, दोन महिन्यांत. पद्धत प्रत्येक बाँडनुसार बदलता येते का, या प्रश्नाला एका महाशयांनी सांगितलं, ‘आमच्याकडे स्टँडर्ड वापरतात.’ कोणतं स्टँडर्ड?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मी शेवटी ठेवते, आणि तिथे बहुतेक सगळे गप्प होतात. पाच तारखेचा व्यवहार चुकीच्या भावाने नोंदला गेला, ते वीस तारखेला लक्षात आलं. दुरुस्त केला की पाच ते वीसपर्यंतचं प्रत्येक दिवसाचं मूल्यांकन बदलतं, परतावा बदलतो, त्यावर लागलेली फी बदलते. मला दोन्ही हवं: दुरुस्तीनंतरचं खरं चित्र, आणि दहा तारखेला आम्ही ग्राहकाला जो आकडा पाठवला तोही, जसा होता तसा. ऑडिटर नेमकं तेच मागतो: त्या दिवशी तुम्हाला काय माहीत होतं? सातपैकी पाच सिस्टिम जुना आकडा सरळ पुसून टाकतात. सहाव्याने तो ‘लॉग फाइलमध्ये असतो’ म्हटलं. फक्त एकाने नीट करून दाखवलं आणि ते सॉफ्टवेअर आमच्या समितीने ‘दिसायला जुनाट’ म्हणून यादीतून काढलं. दिसायला जुनाट!

मग ती आरएफपीची, म्हणजे विक्रेत्यांकडून प्रस्ताव मागवतानाची, प्रश्नावली. चारशे बारा प्रश्न आम्ही लिहिले, त्यातले शंभरेक मी रात्री जागून. उत्तरं काय आली? ‘होय’, ‘होय’, ‘कॉन्फिगरेबल’, ‘रोडमॅपवर आहे’. इतक्या दिवसांत मला या शब्दांचे अर्थ कळलेत. ‘कॉन्फिगरेबल’ म्हणजे तुमच्या खर्चाने आमचा सल्लागार सहा महिने बसेल. ‘रोडमॅपवर’ म्हणजे नाही. आणि नुसतं ‘होय’ म्हणजे उत्तर देणाऱ्याने प्रश्न वाचलेला नाही.

‘बॅकअप आहे का?’ यालाही सगळ्यांचं ‘होय’. ऑगस्ट २०१५ मध्ये बीएनवाय मेलन ही अमेरिकी बँक ज्यावर फंडांचा हिशेब करत होती, ती सनगार्ड कंपनीची इन्व्हेस्टवन प्रणाली ऑपरेटिंग सिस्टिममधल्या एका बदलानंतर बिघडली. ज्या पर्यायी यंत्रणेवर जायचं, तीही त्याच कामात खराब झाली. शेकडो फंडांची एनएव्ही (एका युनिटचं मूल्य) वेळेवर निघेना, लोक दिवसेंदिवस हाताने हिशेब करत बसले, आणि तेही बाजार जोरात कोसळत असताना. तेव्हा मला ‘होय’ नको. बॅकअपवर शेवटचं कधी गेला होता, किती तास लागले, हे सांगा. एवढं विचारलं तर माझ्याकडे असं बघतात जणू मी त्यांच्या सचोटीवर शंका घेतली.

‘एकच प्लॅटफॉर्म, ऑर्डरपासून हिशेबापर्यंत’ हे आणखी एक. खोदून विचारलं तर कळतं की ऑर्डरचं सॉफ्टवेअर एका कंपनीचं, हिशेबाचं दुसऱ्या, रिस्कचं तिसऱ्या. एका मोठ्या कंपनीने तिन्ही विकत घेतल्या आणि वर एकसारखा रंग दिला. आत रात्री एक फाइल इकडून तिकडे जाते. ती अडकली की सकाळी फंड मॅनेजरला दिसणारी रोकड कालची असते आणि तो नसलेल्या पैशांवर ऑर्डर टाकतो. २८ मे २०२४ पासून अमेरिकेतली सेटलमेंटही (शेअर आणि पैशांची देवघेव) टी प्लस वनवर, म्हणजे व्यवहारानंतरच्या पुढच्याच कामाच्या दिवसावर आली आहे. पूर्वी एखादा ब्रेक, म्हणजे न जुळणारी नोंद, दुसऱ्या दिवशी निस्तरता यायचा, आता तो त्याच संध्याकाळी मिटवावा लागतो. रात्रीच्या फाइलची वाट बघत बसायला वेळच उरलेला नाही.

किमतीची रचनाही डोकं फिरवते. व्यवस्थापनाखालच्या मालमत्तेवर अमुक बेसिस पॉइंट (टक्क्याचा शंभरावा भाग). म्हणजे बाजार वर गेला की यांचं बिल वर, व्यवहार तेवढेच, यांचं काम तेवढंच. वर एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जोडायची सोय) वेगळा, कस्टोडियनची (आमचे शेअर-बाँड सांभाळणाऱ्या बँकेची) जोडणी वेगळी, चाचणीचा सर्व्हर वेगळा. आणि सोडून जायचं झालं तर आमचा दहा वर्षांचा इतिहास कोणत्या स्वरूपात परत देणार? एका करारात लिहिलं होतं: पीडीएफ. लाखो व्यवहार पीडीएफमध्ये!

पण सगळा दोष विकणाऱ्यांच्या माथी मारून मी मोकळी होणार नाही. आमच्या निवड समितीत नऊ जण आहेत. त्यातले सात जण ही सिस्टिम महिन्यातून एकदा, डॅशबोर्डपुरती उघडणार. रोज सकाळी साडेसातला येऊन कस्टोडियनच्या फाइलशी आकडा न् आकडा जुळवणारी आमची मुलं समितीत नाहीत. मी दोनदा नावं दिली. ‘फार तपशिलात जातील’ म्हणून नाकारली गेली. तपशिलातच तर काम आहे हो! जी पोरं महिनाअखेरीला रात्री अकरापर्यंत एक्सेलमध्ये डोळे फोडतात, त्यांना कुणी विचारायलाही तयार नाही. मागच्या वेळीही असंच ‘सुंदर’ सॉफ्टवेअर निवडलं होतं. आज त्याच्या भोवती त्रेसष्ट एक्सेल शीट आहेत. मी मोजल्या आहेत. त्यातल्या अकरा ज्याने बनवल्या तो नोकरी सोडून गेला, आणि त्यांतली सूत्रं बदलायची कुणाची छाती होत नाही.

गुरुवारी आठवा डेमो आहे. या वेळी मी फाइल आधीच पाठवली आहे: ते डीमर्जर, तो २२० चा पोर्टफोलिओ, दोन बाँड आणि वीस तारखेची दुरुस्ती. सोबत आमच्या रेको (आकडे जुळवणाऱ्या) टीममधल्या दोघांना घेऊन जाणार आहे, समितीला विचारलेलं नाही. पहिल्या दहा मिनिटांत आमची फाइल पडद्यावर आली नाही तर आम्ही तिघं उठून जागेवर परत येऊ. आजचे सतरा ब्रेक अजून उघडे आहेत.