पगाराला पैसे नाहीत, मग काम कोण करणार?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे देणगीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "आमचा रुपया थेट गरजूपर्यंत पोचला पाहिजे, संस्थेतल्या माणसांच्या पगारात जाता कामा नये." परदेशातले आपले लोक तर हे जास्तच ठामपणे म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या वाडीत मराठी बोलणाऱ्या मुलांकडून कन्नडची तयारी करून घेणारी ताई, हीच तिथली सेवा. तिचा पगार वगळला तर नुसत्या वह्या उरतात.

कायदाही एवढा कडक नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीने अशा देणगीतला प्रशासकीय खर्च 50 वरून 20 टक्क्यांवर आणला, पण शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार त्यात मोडत नाही. सीएसआरमधली (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या निधीतली) 5 टक्क्यांची मर्यादा तर कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. तरी ती पैसे घेणाऱ्या संस्थेच्या बजेटवर लादली जाते. मग हिशेबनीस अर्धवेळ ठेवावा लागतो, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामालाच वापरल्याचा दाखला) रखडतं, पुढचा हप्ता अडकतो, आणि देणारा म्हणतो, "बघा, यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

आपण परदेशस्थांनी एक नीट समजून घ्यावं. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. नागरिकत्व बदलून ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) घेतलं की ठरतात, बेळगावच्या खात्यातून रुपयांत दिले तरीही. मग संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. मोठ्या संस्थेमार्फत निपाणीतल्या छोट्या मंडळाला पैसे देण्याची वाटही 2020 पासून बंद आहे. चुकीच्या खात्यात पैसे टाकून आपण मोकळे होतो, निस्तरावं संस्थेला लागतं.

इकडे ब्रिटनमध्ये 2021 पासून अनेक देणगीदार न्यासांनी जाहीर कबूल केलंय: गरजेपुरतेच प्रश्न विचारू, पैसा लवचिक ठेवू, अहवाल रकमेच्या मानाने मागू. सगळे पाळतात असं नाही, पण संस्थेला बोट दाखवायला लेखी काही असतं. तसा कागद आपल्याकडेही व्हावा. तीन वर्षांची हमी, पहिला हप्ता मेअखेर (पावसाळ्यात घाटमाथ्यावर सामान नेणं कठीण), अहवाल मराठीत किंवा कन्नडमध्ये. संस्थेनेही एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाला वळवायच्या आधी कळवावं, वर्ष संपताना मार्चमध्ये नव्हे. आणि देणगीदाराच्या भेटीची तारीख संस्थेने ठरवावी. परीक्षेच्या आठवड्यात मुलांना स्वागतगीताला उभं करू नये.