खुलासा: कुत्र्याला समुद्राचं पाणी पाजू नका

‘कोकणात कुत्र्याला नेताय? थोडं समुद्राचं पाणी पाजा, जंत मरतात’ असा मेसेज सगळीकडे फिरतोय. हे चूक आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते पोटात गेलं की उलट्या, जुलाब. जास्त गेलं तर झटके येऊन जिवावर बेततं. गेल्या दिवाळीत गुहागरला आमची कुत्री चिंगी लाटांत चेंडू पकडताना खारं पाणी प्यायली. रात्रभर ओकत होती बिचारी, हिरड्या चिकट, डोळे खोल गेलेले. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि हेच कारण सांगितलं. जंतांचं औषध वजन बघून डॉक्टरच देतात. किनाऱ्यावर गोड्या पाण्याची बाटली आणि वाटी न्या, अधूनमधून पाजत राहा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.