गांधीजींच्या दहा रुपयांच्या नाण्याबद्दल

नमस्कार. "1948 सालचं गांधीजींचं चांदीचं नाणं नेलं, तर यांनी काट्यावर टाकून मोडीचा भाव सांगितला, लुबाडतात" असं ऑनलाइन अभिप्रायात लिहून आपण आमच्या नाण्यांच्या दुकानाला एक तारा दिलात. ताऱ्याचं राहू द्या. हे नाणं अनेकांच्या घरी आहे, म्हणून जाहीर लिहितो.

त्यावरची 1869 आणि 1948 ही गांधीजींच्या जन्माची आणि निधनाची सालं. नाणं निघालं जन्मशताब्दीला, 1969 मध्ये. ते साल त्यावर घातलेलंच नाही. वजन 15 ग्रॅम, त्यात 80 टक्के चांदी, म्हणजे शुद्ध 12 ग्रॅम. काट्यावर टाकलं ते अस्सल आहे का बघायला, कारण ओतीव नकला बहुधा वजनातच उघड्या पडतात. तुमचं अस्सल निघालं, तेही लगेच सांगितलं.

पण अस्सल म्हणजे दुर्मिळ नव्हे. मुंबई टांकसाळीने ही नाणी लाखांनी पाडली आणि चांदीची म्हणून लोकांनी ती सहसा मोडली नाहीत, लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवली. दिवाळी सरली की आमच्याकडे ती ओंजळीने येतात. कोलकात्याची त्या मानाने फारच थोडी. त्यांवर टांकसाळीची खूण नसते. संग्राहकांसाठी खास काढलेल्या नाण्यावर, म्हणजे 'प्रूफ'वर, इंग्रजी 'बी' असतो आणि चित्राभोवतीचा मोकळा भाग आरशासारखा लखलखतो. तसं मूळ डबीसकट आणलं असतंत, तर मीच खुर्ची पुढे केली असती! तुमच्या नाण्यावरची मुंबईची नेहमीची खूण भिंगातून आपणच पाहिलीत.

त्यातून ते कुणीतरी दंतमंजनाने घासलंय. गालावर एकाच दिशेचे बारीक ओरखडे आहेत. काळवंडलेलं नाणं संग्राहक आनंदाने घेतो, घासून चकचकीत केलेल्याला हात लावत नाही. मग उरतो चांदीचा भाव.

अशा नाण्याचे पाच लाख देतो म्हणणारे व्हिडिओ फिरतात, त्यातले लोक आधी 'नोंदणी'चे पैसे मागतात. जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच सावध केलं आहे.

दुसरं, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं 1972 चं नाणं जड असूनही त्याला कमी का, हाही आपला आक्षेप. ते 22 ग्रॅमच्या वर भरतं, पण चांदी निम्मीच. शुद्ध चांदी 12 ग्रॅमलाही पोहोचत नाही. दोन्हींचा हिशेब चिठ्ठीवर लिहून दिलाय, कुठल्याही सराफाला दाखवा.